दाबांक दोन

न्यायाधीश विश्वंभर रोहणकर यांचा सूड घ्यायची माझी इच्छा अकरा वर्षं जुनी होती, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी मला न्यायासाठी झटणारी बाई वगैरे म्हणू नये. वर्तमानपत्रांनी तसं छापलं, सोबत माझा फोटोही छापला, त्यात माझे डोळे मिटलेले आले. मी कशासाठी झटलेबिटले नाही. मी दातओठ खात वाट पाहिली.

मी रत्नमाला भोयर. पळसवाडा जिल्हा न्यायालयात एकोणतीस वर्षं लघुलेखिका होते, म्हणजे लोकांच्या भाषेत स्टेनो बाई. साहेब बोलायचे, मी वहीत लघुलिपीत उतरवून घ्यायची आणि मग टाइप करून सहीला ठेवायची. हे काम मला कडू सरांनी शिकवलं. त्यांची टायपिंगची शाळा पिठाच्या गिरणीच्या वर होती, त्यामुळे आमचे कान असे तयार झाले की कसल्याही घरघरीत शब्द सुटत नसे. सरांचा एक नियम होता. वहीत कधी खोडायचं नाही. साहेब 'हे वाक्य काढा' म्हणाले, तर 'हे वाक्य काढा' हेसुद्धा लिहायचं आणि भोवती गोल करायचा. काढायचं ते टाइप करताना. आणि साहेब 'थांबा' म्हणेपर्यंत हात थांबवायचा नाही. बाकीच्या मुली नोकरीला लागल्यावर हे सगळं विसरल्या. मी विसरले नाही, कारण मी मुळातच हट्टी.

अकरा वर्षांपूर्वी रोहणकर साहेब आमच्याकडे सत्र न्यायाधीश होते. त्या वर्षी एका खडी क्रशरच्या पट्ट्यात नामदेव आडे नावाचा मजूर ओढला जाऊन मेला. पट्ट्यावरची जाळी मालकानेच काढून ठेवली होती, जाळी असली की काम हळू होतं म्हणून. मालक तेव्हाच्या सत्ताधारी पक्षाचा तालुकाध्यक्ष. त्याने अटकपूर्व जामिनासाठी अर्ज केला आणि साहेबांनी तो भर कोर्टात फेटाळला. फार सुंदर बोलले त्या दिवशी. लिहिताना माझा ऊर भरून आला होता, हेही कबूल करते. चार वाजता आम्ही दालनात आदेश पुरा करायला बसलो आणि त्यांचा फोन वाजला. फोन ठेवून ते जरा वेळ खिडकीशी उभे राहिले आणि मग शेवटचा परिच्छेद त्यांनी नव्याने सांगितला. अर्ज मंजूर. मी वर पाहिलं. "लिहा, बाई," ते म्हणाले. मी लिहिलं, टाइप केलं, त्यांनी सही केली.

नऊ दिवसांनी वरच्या न्यायालयाने तो जामीन रद्द केला. पण नऊ दिवसांत जाळी जागेवर बसली होती, हजेरीपट बदलला होता आणि तीन साक्षीदार आपापल्या गावी गेले होते, ते परत आलेच नाहीत. खटला पडला. वकिलांनी ओरड केली की भर कोर्टात फेटाळलेला अर्ज कागदावर मंजूर कसा झाला. चौकशी लागली. रोहणकर साहेबांनी लेखी दिलं की त्यांनी अर्ज फेटाळलाच होता; लघुलेखिकेने भलताच मसुदा सह्यांच्या गठ्ठ्यात घातला आणि कामाच्या रेट्यात विश्वासाने सही झाली.

मी चौकशी अधिकाऱ्यांपुढे वही ठेवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. लघुलिपी शिकताना सगळ्यांची सारखी असते, पण वीस वर्षांत प्रत्येकीच्या खुणा इतक्या आपल्या आपल्या होतात की दुसरीला त्या लागत नाहीत.

"हे तुमच्याशिवाय कुणाला वाचता येतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही, सर."

"मग तुमचं तुम्हीच वाचणार आणि तोच तुमचा पुरावा. असं कसं चालेल, बाई?"

मला दोषी ठरवलं. बढती गेली आणि रेकॉर्ड रूममध्ये बदली झाली. गावात कुजबुज सुरू झाली. एक दिवस नामदेवची बायको सुगंधा आमच्या दारात येऊन उभी राहिली. मी तिला आत ये म्हटलं. ती आली नाही. "बाई, किती घेतले तुमी?" एवढंच तिने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता निघून गेली. मला साहेबांचा राग होता, पण त्या प्रश्नाने त्याचा द्वेष झाला. त्या दोन्हींत पुष्कळ अंतर असतं.

रेकॉर्ड रूममध्ये माझं काम काय, तर मुदत संपलेल्या कागदांची यादी करून ते नष्ट करायला पाठवणं. त्यात माझ्या सदतीस वह्याही होत्या. त्या मी कधीच यादीवर चढवल्या नाहीत. निवृत्त झाले त्या दिवशी पिशवीत भरून घरी आणल्या.

आता छायेबद्दल सांगायला हवं. पाच वर्षांपूर्वी कायदा बदलला आणि उच्च न्यायालयावर कुणाला घ्यायचं हे ठरवायला न्यायपुष्टी समिती आली. अकरा आमदार, सगळ्या पक्षांचे. उमेदवाराला समोर बसवून प्रश्न विचारायचे, सगळं थेट प्रक्षेपित करायचं आणि मग मतदान. पण आमदारांना खरं तर एकच गोष्ट हवी होती: हा माणूस उद्या आमच्या खटल्यात काय करेल? आणि ते सांगणारं यंत्र नेमकं त्याच सुमाराला तयार झालं होतं. न्यायाधीशाची आयुष्यभराची निकालपत्रं यंत्राला वाचायला द्यायची. कोणत्या साक्षीवर त्याने विश्वास ठेवला, कुठे ठेवला नाही, कुठल्या शब्दावर अडला, हे सगळं शिकून यंत्र त्या माणसाची एक छाया बनवतं. मग तिच्यापुढे नवा खटला ठेवला की तो न्यायाधीश काय निकाल देईल, हे छाया त्याच्याच भाषेत लिहून दाखवते. शंभरातले ब्याण्णव निकाल जुळायचे. मूळ हेतू चांगला होता म्हणतात. अपिलं कमी व्हावीत म्हणून ते बनवलं होतं. असतोच तो चांगला, सुरुवातीला.

न्यायाधीश काही दूधखुळे नव्हते. वर जायचं असेल तर छाया गोड दिसली पाहिजे हे त्यांच्या लवकर लक्षात आलं. निकालपत्रं लग्नपत्रिकांसारखी एकसारखी गुळगुळीत झाली. तेव्हा यंत्र बनवणाऱ्यांनी पुढची पायरी काढली. माणूस शेवटी काय लिहितो यापेक्षा आधी काय लिहून काढून टाकतो, त्यातून तो जास्त कळतो. म्हणून नियम आला की उमेदवाराचा प्रत्येक मसुदा द्यायचा. संगणकातले मसुदे मिळाले. लघुलिपीतल्या वह्या मात्र यंत्राला वाचता येईनात. त्यासाठी कलम जोडलं गेलं: ज्याने लिहिलं त्याने समितीपुढे शपथेवर वाचावं, ते वाचन पुरावा समजलं जाईल.

हे कलम वर्तमानपत्रात वाचलं तेव्हा मी भाजी निवडत होते. उरलेली भाजी तशीच राहिली. त्याच पानावर समितीपुढे येणाऱ्या उमेदवारांची नावं होती आणि त्यांत तिसरं नाव विश्वंभर रोहणकर यांचं होतं.

आठच दिवसांत डॉ. नीरजा अंबर्डेकर घरी आल्या. समितीच्या छाया विभागाच्या प्रमुख. तिशीतली, बारीक केस कापलेली, शांत मुलगी. जमिनीवर मांडी घालून तिने माझ्या वह्या एकेक उघडून पाहिल्या.

"हे गोल कसले, काकू?"

मी कडू सरांचा नियम सांगितला. तिचा हात पानावरच थांबला.

"म्हणजे काढलेलं सगळं यात आहे? आणि काय सांगून काढलं तेही?"

"ते खोकले असतील तर तेही सापडेल तुला."

तिने मला समजावून सांगितलं. काढलेलं वाक्य म्हणजे माणसाच्या मनाचा पहिला कौल. त्या जागी घातलेलं वाक्य म्हणजे तो किती सरकला ते. दोन्ही कळलं की छायेत दोन गोष्टी वेगळ्या करता येतात. एक, कुणाचंच दडपण नसेल तर हा माणूस काय ठरवेल. त्याला ते शून्य दाबाचा निकाल म्हणतात. आणि दुसरी, त्याला तिथून हलवायला किती जोर लागतो. त्याचा आकडा म्हणजे दाबांक, एक ते दहा. दहावाला मोडेल पण हलणार नाही. एकवाल्याला नुसती फुंकर पुरते.

"शिंप्याला जुना सदरा दिला की माप कळतं," नीरजा म्हणाली. "पण कुठं कुठं उसवून पुन्हा शिवलाय ते दिसलं, तर माणसाचं पोट कधी सुटलं तेही कळतं."

मला ती आवडली.

तिच्या मागोमाग सुरसे नावाचे एक गृहस्थ आले. राजकारणातल्या त्यांच्या गटाचा दुसराच उमेदवार होता, म्हणून त्यांना रोहणकर पडायला हवे होते. खुर्चीत रेलून त्यांनी माझ्यावर झालेल्या अन्यायाबद्दल हळहळ व्यक्त केली आणि मग आवाज खाली आणला.

"ही अक्षरं तुमच्याशिवाय कुणाला वाचता येत नाहीत ना, ताई?"

"नाही."

"मग दोन शब्द इकडचे तिकडे झाले, तर कोण ताडून पाहणार?"

अकरा वर्षांपूर्वी ज्या गोष्टीने मला बुडवलं, तीच आता हा माणूस ताटात वाढून देत होता. मी त्यांना हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. ते गेल्यावर वही उघडून बसले आणि खरोखर करून पाहिलं. एका जमिनीच्या दाव्यात साहेबांनी साधं 'पुढील तारीख' म्हटलं होतं, तिथं मी मोठ्याने वाचलं, 'पाटलांना विचारून घेतो.' सहज जमलं. दुसरं वाक्य आणखी झकास जमलं. पाच मिनिटांत मी त्या माणसाला असा काळा केला की कुठलीही समिती त्याला दारात उभं करणार नाही.

आमचे हे, भास्करराव, डेपोतून हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले, दारात उभे राहून ऐकत होते.

"हे वहीत हाय?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मंग त्यानं तेव्हा काय सांगतलं होतं तुह्याबद्दल? का बाईनं नसलेलं घातलं. आता तू तेच करून रायली."

मला त्यांचा इतका राग आला की त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलले नाही. राग आला कारण माणूस बरोबर बोलला होता. मी एक शब्द जरी बदलला असता, तर रोहणकरांचं खोटं मीच खरं करून दिलं असतं. म्हणून ठरवलं, जसंच्या तसं वाचायचं. जसंच्या तसंच पुष्कळ होतं.

शुक्रवारी समितीपुढे बसले. समोर घोड्याच्या नालेसारखं टेबल, त्यामागे अकरा आमदार, आणि डाव्या हाताला स्वतः रोहणकर. केस पांढरे झाले होते, बाकी तसेच. त्यांनी मला नमस्कार केला. मी केला नाही. मी दहा वाजता वाचायला लागले आणि चार वाजेपर्यंत वाचत होते. शेवटच्या वहीत तो दिवस आला. भर कोर्टातला आदेश वाचला: 'माणसाच्या जिवापेक्षा खडीचा हिशेब मोठा मानणाऱ्यास हे न्यायालय संरक्षण देऊ शकत नाही.' मग दालनातलं वाचलं. साहेब 'थांबा' म्हणाले नव्हते, म्हणून माझा हात थांबला नव्हता, आणि फोनवरचं त्यांचं बोलणंही वहीत होतं.

"'हो. हो साहेब. बोललोय मी कोर्टात, पण सही नाही झालेली. आजच? बरं. नाही नाही, अडचण कसली,'" मी वाचलं. "पुढे, 'बाई, शेवटचा परिच्छेद काढा.'"

मी वही खाली ठेवली आणि आता आभाळ कोसळणार म्हणून समोर पाहिलं.

सत्ताधाऱ्यांपैकी एकाने विचारलं, "त्या वेळी सरकार कुणाचं होतं?"

"आमचं," विरोधी बाकावरचे म्हणाले आणि हसले.

"आणि गेल्या सहा वर्षांत आमच्या काळात?" सत्ताधाऱ्याने विचारलं. नीरजाने पडद्यावर आकडा आणला. संगणकातल्या मसुद्यांवरूनही तेच दिसत होतं. दाबांक दोन. दोन्ही सरकारांच्या काळात सारखाच.

अध्यक्ष सुखावून मागे टेकले. "म्हणजे उमेदवार पक्षपाती नाही," ते म्हणाले. "मागच्या महिन्यातले ते एक होते, दाबांक नऊ. अशा माणसाबरोबर राज्य कसं चालवायचं?"

सगळे हसले. चहा आला. मला कळायला जरा वेळ लागला. माझ्या वहीने त्या माणसाला पाडलं नव्हतं. तो वाकतो एवढंच मी सिद्ध केलं होतं आणि त्यांना वाकणाराच हवा होता. आज हे वाकवणार, उद्या ते, म्हणून दोन्ही बाजू खूश. मी अकरा वर्षं जपून ठेवलेलं विष त्यांनी चहात साखर म्हणून ढवळून घेतलं. माझ्या चौकशीचं काय, असं मी विचारलं. अध्यक्ष म्हणाले, तो सेवेचा प्रश्न आहे, समितीच्या कक्षेत येत नाही.

बाहेरच्या व्हरांड्यात नीरजाने मला गाठलं. मी रडत होते. संतापाने रडू येतं मला, वाईट सवय आहे.

"काकू, कलम एकेचाळीस वाचलंय तुम्ही?"

मी नकारार्थी मान हलवली.

"पुष्टी झालेल्या न्यायाधीशाची छाया जनतेला खुली होते. समितीतल्या कुणीच ते नीट वाचलं नाही. लोक कुठं बघतात, म्हणाले." तिने फोन पुढे केला. "कुणीही आपला खटला तिच्यापुढे ठेवू शकतो. शून्य दाबावर. आणि तो निकाल अपिलाला जोडू शकतो."

मग तिने माझ्या चौकशीचे कागद छायेपुढे ठेवले. दाब शून्य. निकाल यायला अर्धा मिनिटही लागला नाही. 'वरील परिस्थितीत लघुलेखिकेने स्वतःहून मसुदा बदलला हे मानणे सामान्य बुद्धीला पटणारे नाही. सही करणाऱ्याने आपली जबाबदारी आपल्याहून दुर्बल व्यक्तीच्या माथी मारली आहे.' ती भाषा मी पाच वर्षं दररोज ऐकली होती. 'सामान्य बुद्धीला पटणारे नाही' हे त्यांचं आवडतं. म्हणजे त्या माणसाला सगळं कळत होतं. माझ्याबद्दल लेखी खोटं लिहिताना त्याच्या मनात हा निकाल अक्षरशः तयार होता. तोवर मी त्यांना भित्रा, दुबळा वगैरे मानत होते. त्या क्षणानंतर ती सवलतही मी काढून घेतली.

"पण एक आहे," नीरजा म्हणाली. "वह्या तुमच्या. त्या छायेत ठेवायच्या की काढायच्या, याची शेवटची संमती तुमची. सोमवारी मतदानाआधी. तुम्ही वह्या मागे घेतल्या, तर शून्य दाबाचा निकाल काढण्याइतका मजकूर उरत नाही."

समितीला हे कलम माहीत नसेल, पण रोहणकर कायद्याचे पक्के. रविवारी सकाळी दहाला ते आमच्या घरी आले. एकटे. भास्कररावांनी चहा ठेवला आणि मागच्या अंगणात निघून गेले.

"बाई, वह्या मागे घ्या," ते म्हणाले. "माझी पुष्टी होणारच आहे, ती तुम्ही थांबवू शकत नाही. पण ती छाया उघडी झाली, तर मला तिथं बसणं अशक्य होईल."

"का? तिथं तुमचंच मन आहे."

त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाले, "मी तुम्हाला पत्र देतो. त्या आदेशाबद्दल. तुमचं नाव साफ होईल. बढती, सगळं मागच्या तारखेपासून मिळेल. वह्या मागे घेतल्याच्या कागदावर तुम्ही सही करा, मी पत्रावर करतो."

ते पत्र मला किती हवं होतं हे मी सांगू शकत नाही. ती अकरा वर्षं मी त्याचा मजकूर मनात घोळवला होता. पण ज्या एका बाईला ते दाखवायचं होतं, ती सुगंधा आडे तीन वर्षांपूर्वी वारली. मी पैसे घेतले असंच समजून वारली. आता ते पत्र घेऊन मी कुणाच्या दारात जाणार होते?

"सांगा," मी म्हटलं.

मी होकार दिला नव्हता, फक्त कपाटातून कोरी वही काढून उघडली. साहेबांना स्वतः लिहायची सवय कधीच नव्हती. बसून लेखणी हातात घेतली की त्यांना शब्द सुचत नसत. त्यातून हा मजकूर त्यांना आपल्या फोनमध्ये किंवा घरच्या संगणकात नको होता. वही दिसताच ते उठले, हात मागे बांधून येरझाऱ्या घालू लागले, आणि अकरा वर्षांपूर्वीच्या त्याच आवाजात सुरू झाले.

"मी, विश्वंभर रोहणकर, नमूद करतो की सदर आदेशातील बदल माझ्या सांगण्यावरून झाला. थांबू नका. 'सांगण्यावरून' काढा. 'माझ्या दालनात झाला' असं करा. त्यात लघुलेखिका श्रीमती भोयर यांचा काहीही दोष नव्हता. 'नव्हता' काढा. 'दोष असल्याचे ठामपणे म्हणता येत नाही.' मी चौकशीत दिलेले निवेदन असत्य होते. नाही, काढा ते. 'अपुऱ्या स्मरणावर आधारित होते' लिहा."

मी लिहीत होते आणि गोल करत होते. इथं तर कुणाचा फोनही आला नव्हता. बंद खोलीत, ज्या बाईवर अन्याय केला तिच्यासमोर, हा माणूस आपला आपणच वाकत होता.

"वाचून दाखवा," ते म्हणाले.

मी सगळं वाचलं, काढलेल्या शब्दांसकट. त्यांचा चेहरा उतरला. कडू सरांच्या नियमाची त्यांना शुक्रवारीच माहिती झाली होती. पण तीस वर्षांची सवय माणसाच्या जिभेवर बसलेली असते.

"ते पान मला द्या, बाई."

"वही माझी आहे, साहेब. मी ती मागे घेत नाही."

"तुम्हाला पत्र मिळणार नाही मग. जन्मभर दोषीच राहाल कागदावर."

"राहीन."

"काय हवंय तुम्हाला? मी जज्ज होऊ नये?"

"व्हा की. मला तुम्ही तिथंच बसलेले हवेत."

ते निघून गेले. चहा प्यायले नाहीत.

सोमवारी मी संमतीच्या कागदावर सही केली आणि अडतिसावी, म्हणजे रविवारची वही वाचली. समितीच्या कायदेशीर सल्लागारांनी हरकत घेतली की हा निकालाचा मसुदा नाही. नीरजाने नियम वाचून दाखवला: 'उमेदवाराने सांगितलेला कोणताही मजकूर.' वाचन नोंदवलं गेलं आणि पडद्यावर दाबांक दोनाचा एक झाला. विरोधी बाकावर कुणीतरी मान डोलावली. रोहणकर टेबलाच्या लाकडाकडे बघत होते. अकरा विरुद्ध शून्य मतांनी त्यांची पुष्टी झाली. माझ्या सेवापुस्तकाबद्दल मी केलेल्या अर्जाला नंतर रीतसर उत्तर आलं: समितीपुढील वाचन पुष्टीपुरतेच ग्राह्य असल्याने नोंदीत बदल करता येत नाही. मी ते फाईल केलं.

पहिल्या महिन्यात न्यायमूर्तींनी दोनदा जुना मार्ग धरून पाहिला. एका जमिनीच्या याचिकेत आणि एका भरतीच्या. दोन्ही वेळा संध्याकाळपर्यंत वकिलांनी त्यांचा निकाल आणि त्यांच्याच छायेचा शून्य दाबाचा निकाल शेजारी शेजारी लावून सगळीकडे पाठवला. वकिलांच्या खोलीत चहाबरोबर तो मोठ्याने वाचला जायचा. तिसऱ्या याचिकेपासून त्यांनी नाद सोडला. आता त्यांचे निकाल छायेशी अक्षरशः जुळतात. मंत्र्याच्या भावाचा कारखाना बंद करायचा आदेश त्यांनी दिला. ज्यांनी त्यांना वाकणारा म्हणून वर पाठवलं, ते आता त्यांच्या नावाने बोटं मोडतात, आणि त्यांच्याकडे जेवणाखाण्याला जाणं सगळ्यांनी बंद केलंय. एका संस्थेने त्यांना निर्भीड न्यायमूर्ती म्हणून शाल दिली.

शालीची बातमी वाचून भास्करराव हसत सुटले. "सूड घ्याले गेली अन् मानसाले देव करून आली," ते म्हणाले. "अशी कशी वं तू?"

मला ते लागलं. खरंच तसं झालं असेल, तर माझं आयुष्य फुकट गेलं होतं. म्हणून एका सोमवारी सकाळच्या गाडीने गेले आणि त्यांच्या कोर्टात शेवटच्या बाकावर जाऊन बसले.

एका आदिवासी पाड्याच्या विहिरीचा मामला चालू होता. समोर सरकारचे मोठे वकील. न्यायमूर्ती पाड्याच्या बाजूने आदेश सांगत होते. भाषा सुंदर होती, पूर्वीसारखीच. पण आवाज मी ओळखते. प्रत्येक वाक्यानंतर ते अडखळत होते. मन पटकन एका बाजूला जात होतं, भीती दुसरीकडे ओढत होती, आणि भीतीच्या मागे जायची सोय आता उरली नव्हती. कागद धरलेला हात थरथरत होता. मान खाली घालून त्यांनी घाम पुसला. असं दिवसाला पंधरा-वीस वेळा होत असणार. ज्याला ताठ राहायची हिंमत आहे त्याला ते सुखाचं असतं. यांना हिंमत नाही, आणि तरी दररोज ताठ उभं राहावं लागतंय.

मग त्यांनी मान वर केली आणि मी दिसले. वाक्य अर्ध्यावर राहिलं. खाली बसलेल्या तरुण स्टेनोने वर पाहिलं. मीही बघत राहिले, हसले नाही, काही नाही. शेवटी त्यांनीच नजर काढली आणि आदेश पुरा केला. पाड्याला विहीर मिळाली. बायका बाहेर येऊन एकमेकींना मिठ्या मारत होत्या. त्यांच्यासाठी मला आनंद झाला, पण मी त्यासाठी गेले नव्हते. मला बरं वाटलं ते त्या थरथरत्या हातामुळे. फार बरं वाटलं, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

तेव्हापासून दर सोमवारी जाते. शिपायाला माहीत झालंय, तो माझी जागा धरून ठेवतो. न्यायमूर्ती रोहणकर यांच्या निवृत्तीला अजून चार वर्षं दोन महिने आहेत. माझी तब्येत उत्तम आहे.